काट्यावरचं शून्य

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या हंगामात,
वजनकाट्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये
सकाळपासून बसलेय मी.
कीबोर्डच्या फटींत पिवळी धूळ.

काट्यावर ट्रॅक्टर, मागं भरलेली ट्रॉली.
केबलमधून वजन येतंय, येताना दिसतंय मला,
माझा क्लास ते नीट वाचतोय,
आठ हजार चारशे साठ,
आणि पडद्यावरच्या फॉर्मवर
मीच ठळक हिरव्यात मांडलेलं
शून्य.

"बाई, शून्यच दावतंय की ओ,"
दस्तगीर मुजावर बिडी कानामागं खोचत म्हणतो.
"येवढी हळद, आन् वजनच न्हाय?"

दुपारी सापडलं.
लेबल बदलायला त्या क्लासला फॉर्म हवा होता,
आणि मी त्याला लिहून दिलं होतं: नवा कर.
त्यानं केला.
अगदी हुबेहूब. तोच मथळा, तीच बटणं,
'समिती'मधली माझी चुकीची दीर्घ मीसुद्धा तीच.
फक्त 'दिस' असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.
ट्रॉली हलली की एक नवा फॉर्म,
वारा आला की आणखी एक,
मेमरीच्या अंधारात ओळीनं उभे,
प्रत्येकाच्या लेबलावर बरोबर वजन,
बघायला कुणी नाही.

हसू आलं. मग राहिलं.
सहा महिने झाले, मी विद्याशी अशीच बोलतेय.
भांडी घासताना, विश्रामबागच्या सिग्नलला,
मनातल्या मनात एक बहीण करून
तिला सगळं सांगून झालंय,
अगदी चूक माझीच होती इथपर्यंत.
विट्याला राहते ती खरी.
तिच्या फोनवर माझं अजून शून्य.

मग मी क्लासच्या हातात खराच फॉर्म दिला.
लेबलाला शिवायला गेला, तसा प्रोग्रॅम कोसळला:
ज्या थ्रेडनं हे घडवलं नाही
त्यानं याला हात लावू नये.
लाल अक्षरांत. बाहेर हॉर्नवर हॉर्न.
आणि तेवढ्यात लाईट गेली.

दस्तगीर उठला, काटा सरकवून
जुन्या दांडीवर वजन जुळवलं,
खिडकीतून अर्धा बाहेर वाकला
आणि ओरडला, "चौऱ्याऐंशी साठ!"
समोर चौगुल्यांच्या अडतीत भूपालनं वहीत लिहिलं.
शेतकऱ्यानं तळहातावर लिहिलं.
चहावाल्या पोरानं मानसुद्धा वर केली नाही.

"तुम्हीच का लिहून देत नाही त्यांच्या वहीत?"
"दुसऱ्याच्या वहीत आपुन हात घालायचा न्हाय, बाई.
आपुन वरडायचं.
ज्येला पायजेल, त्यो लिवतोय."

लाईट आल्यावर मी पुष्कळ ओळी खोडल्या.
आता क्लासला कुठलाच फॉर्म ठाऊक नाही.
वजन आलं की तो फक्त हाक देतो, इव्हेंट म्हणतात तिला.
फॉर्म कान देऊन असतो.
निरोप त्याच्या थ्रेडवर जाऊन थांबतो,
हातातलं काम संपलं की तो
स्वतःचं लेबल स्वतःच्या हातानं बदलतो.

हिरवा आकडा चढला, थरथरला,
आठ चारशे पंचावन्न, साठ, साठ.
ड्रायव्हर पाणी प्यायला उतरला
आणि आकडा
बरोबर त्याच्याएवढा उतरला.
केबिनभर हसू.

दस्तगीरनं पडद्यावर वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं,
आणि तरीही खिडकीतून वाकून ओरडलाच.

मी बाहेर आले, पोत्यांच्या सावलीत.
नंबर पाठ आहे.
रिंग जातेय.
पलीकडे कुणी ओले हात पदराला पुसत असेल,
किंवा नसेल.